जुनी यंत्रं, नवे पडदे (भाग ६) : पिवळ्या वायरीची वाट

गेल्या भागात आपण कॅसेटच्या पिना स्पिरिटनं पुसल्या, फुंकर मारायची सवय मोडली आणि टीव्ही गेमचा लाल दिवा लागल्यावर थांबलो. खरी अडचण इथून पुढं आहे. माळ्यावरून काढलेला गेम चालू होतो, पण ज्याला तो जोडायचा तो डबा टीव्ही घरात उरलेला नसतो. असतो तो भिंतीवरचा सपाट टीव्ही, नाहीतर क्रिकेट बघायला म्हणून घेतलेला छोटा प्रोजेक्टर. प्रोजेक्टरच्या पाठीवर एचडीएमआयचं चपटं तोंड, गेमच्या पाठीवर पिवळं आणि पांढरं अशी दोन गोल भोकं. साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत कुठल्याही दुकानात ही कुंडली दाखवली, तर दुकानदार एक लहानसा पांढरा डबा काढून देतो आणि म्हणतो, ‘लावा आणि खेळा.’ लावता येतं. खेळता येतं का, हा आजचा विषय.

आधी आपल्या हातात नेमकं काय आहे ते पाहू. निन्टेन्डोनं १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम बाजारात आणला. आपल्याकडं नव्वदच्या दशकात घरोघरी पोचल्या त्या मुख्यतः त्याच्या नकला, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांच्या. सेगाचा अस्सल मेगा ड्राइव्ह १९९५ मध्ये शॉ वॉलेसमार्फत भारतात आला, पण त्याची किंमत होती १८ हजार रुपये. एवढ्या पैशात त्या काळी चांगला रंगीत टीव्हीच आला असता, त्यामुळं सांगली-मिरजेतल्या मध्यमवर्गीय बापानं नक्कल घेतली यात नवल नाही. सोबत ‘९९९९ इन १’ लिहिलेली पिवळी कॅसेट मिळायची. प्रत्यक्षात त्यात गेम मोजकेच, तेच पुन्हा वेगळ्या क्रमांकानं आणि वेगळ्या पायरीपासून सुरू होणारे. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात आणि या आकड्यात मला कधी फरक दिसला नाही.

या नकलांमधली एक गोष्ट प्रोजेक्टर जोडताना फार महत्त्वाची ठरते. जपान आणि अमेरिकेत टीव्हीचं चित्र सेकंदाला ६० वेळा आखलं जायचं, त्या पद्धतीला एनटीएससी म्हणतात. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रसारण सुरू झालं ते पाल पद्धतीनं, म्हणजे ६२५ ओळी आणि सेकंदाला ५० वेळा. पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकलांमधली चिपही ५० वेळाच चित्र काढते. गेम मात्र ६० च्या हिशोबानं लिहिलेले. त्यामुळं ज्यांच्याकडं असा गेम होता, त्यांचा मारिओ टोकियोतल्या मारिओपेक्षा सुमारे एक षष्ठांशानं सावकाश पळत होता आणि पार्श्वसंगीतही तेवढंच रेंगाळत होतं. आज मोबाइलवर मूळ वेगाचा मारिओ पाहून ‘हा फास्ट केलाय’ असं चाळिशीतली माणसं म्हणतात, त्यांची आठवण खोटी नसते.

आता वायर. पिवळ्या वायरीतून उजेड, रंग आणि ओळ कुठं सुरू करायची याची खूण, हे सगळं एकाच तारेतून एकत्र येतं. याला कंपोझिट म्हणतात, दुकानात ‘एव्ही’. पांढऱ्यातून आवाज येतो, तोही एकेरी. प्रोजेक्टरला हे समजत असेल तर मधे कुणाचीच गरज नाही. इथं एक उलटी गंमत आहे. शाळांमध्ये, क्लासमध्ये आठ-दहा वर्षं वापरून बाजूला ठेवलेल्या दिव्याच्या प्रोजेक्टरांना बहुतेक वेळा पिवळं भोक असतंच, आणि त्यांच्या माहितीपत्रकात पाल-एनटीएससी दोन्ही लिहिलेलं असतं. आजचा चकाचक एलईडी प्रोजेक्टर मात्र पुष्कळदा हेडफोनसारखं साडेतीन मिलिमीटरचं एकच भोक देतो आणि त्यावर ‘एव्ही’ छापतो. त्या भोकात जाणाऱ्या वायरीला चार पट्टे असतात, आणि कुठल्या पट्ट्यावर चित्र, कुठल्यावर जमीन, हे प्रत्येक कंपनीनं आपल्या मर्जीनं ठरवलंय. जुन्या हँडीकॅमची वायर लावली आणि पडदा काळा, स्पीकरमधून घरघर असं झालं, तर प्रोजेक्टर बिघडलेला नाही. पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या टोकात घालून पाहा. चित्राचा सिग्नल आवाजाच्या तारेत गेला की अशीच घरघर ऐकू येते. तरीही जमलं नाही, तर त्या प्रोजेक्टरबरोबर आलेलीच वायर शोधा.

यातलं काहीच नसेल तर तो पांढरा डबा, एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर. काही शे रुपयांत मिळतो. घेताना डब्यावरचा बाण दोनदा वाचा. एचडीएमआय टू एव्ही नावाचा याचा जुळा भाऊ शेजारीच टांगलेला असतो, रंगरूप तेच, काम बरोबर उलटं, आणि उलट्या दिशेनं सिग्नल जात नाही. दुसरी गोष्ट, डब्याला यूएसबीतून ५ व्होल्ट द्यावे लागतात. ते प्रोजेक्टरच्या यूएसबीतून घेण्यापेक्षा मोबाइलच्या चार्जरमधून द्या. तिसरी, डब्यावर ७२०-१०८० असं बटण असतं, ते बाहेर जाणाऱ्या चित्राचं असतं. आत येणाऱ्या चित्राशी त्याचा संबंध नाही. चित्र काळं-पांढरं दिसलं तर पाल-एनटीएससीची गल्लत आहे. डब्यावर तशी खटकी असेल तर ती बदला; नसेल तर डबा बदला.

काही गेमना पिवळं भोकही नसतं, फक्त अँटेनाची वायर असते. प्रोजेक्टरला ट्यूनर नसतो, म्हणून इथं बरेच जण हात टेकतात. घरात जुना व्हीसीआर पडलेला असेल तर प्रश्न सुटला. व्हीसीआरच्या अँटेना-इनमध्ये गेमची वायर, चॅनेल ट्यून करायचं, आणि व्हीसीआरच्या पिवळ्या भोकातून पुढं. दुसरा उपाय म्हणजे कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर केबल टीव्ही बघायला वसतिगृहातली मुलं वापरायची तो टीव्ही ट्यूनर बॉक्स. त्यातून व्हीजीए निघतं, आणि शाळेच्या जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए असतंच. सांगलीच्या जुन्या बाजारात हा बॉक्स दिसला तर घासाघीस न करता घ्या.

एवढं झालं की भिंतीवर मारिओ उभा राहतो. पहिल्यांदा मेन्यूत जाऊन चित्र चार-तीन प्रमाणात करा. पडदा भरायच्या हौसेनं मारिओला आडवा सुजवू नका. कडांना रंगीत कचरा दिसला, विशेषतः मारिओच्या तिसऱ्या भागात उजव्या कडेला, तर घाबरू नका. डबा टीव्हीची चौकट तो झाकत होती, प्रोजेक्टर झाकत नाही.

मग येते मुख्य तक्रार: ‘उडी उशिरा मारतोय.’

याचं कारण समजून घ्यायला थोडं शेतात जाऊ. हळदीच्या रानात पहिल्या पाळीला एकाआड एक सरी भिजवली आणि दुसऱ्या पाळीला मधल्या राहिलेल्या सऱ्या, असं समजा. दूरदर्शनचं चित्र असंच यायचं. एकदा विषम ओळी, एकदा सम. आपला टीव्ही गेम मात्र दर पाळीला त्याच सऱ्यांत पाणी सोडतो, मधल्या कोरड्याच ठेवतो. डबा टीव्हीला त्याचं काही वाटत नसे. कन्व्हर्टरला हे ठाऊक नसतं. तो समजतो की हे दूरदर्शन आहे, दोन पाळ्या येईपर्यंत थांबतो, त्या एकमेकीत विणतो, ताणून ७२० ओळींचं चित्र करतो आणि मग पुढं पाठवतो. या थांबण्यानं दोन तोटे होतात. एक म्हणजे वेळ. पालमध्ये एका चित्राला २० मिलिसेकंद लागतात; डब्यानं दोन चित्रं अडवली की ४० गेले, आणि प्रोजेक्टर त्यात स्वतःची भर घालतो. दुसरा तोटा दिसतो काँट्रा खेळताना. फॅमिकॉमची चिप एका ओळीत हलत्या चित्रांचे आठच तुकडे दाखवू शकते, जास्त झाले की गेम ते आळीपाळीनं लुकलुकवतो. डोळ्याला ते चालून जायचं. कन्व्हर्टर दोन पाळ्या विणतो तेव्हा लुकलुकणारी गोळी पट्ट्यापट्ट्यांची दिसते, आणि काही डबे अर्ध्या पाळ्या फेकूनच देतात, म्हणजे गोळी दिसतच नाही आणि माणूस मात्र मरतो.

शिवाय बरेच स्वस्त डबे बाहेर ६० चित्रंच पाठवतात. आत ५० येतात, म्हणून दर पाचवं चित्र दोनदा दाखवून भरती केली जाते. मारिओ पळताना बारीक हिसके बसतात ते यामुळं.

उशीर किती आहे हे घरी तपासता येतं. पांढरी वायर प्रोजेक्टरला न देता थेट जुन्या होम थिएटरला किंवा स्पीकरला द्या आणि उडीचं बटण दाबा. उडीचा आवाज आधी आला आणि मारिओ नंतर उडाला, तर मधलं अंतर हा तुमचा उशीर. अंतर जाणवतच नसेल तर बिनधास्त खेळा. जाणवत असेल तर प्रोजेक्टरच्या मेन्यूत ‘गेम मोड’ शोधा, आणि तिरकं चित्र सरळ करणारी कीस्टोनची सोय बंद करा. प्रोजेक्टर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवायचा सोडून टेबल सरळ भिंतीसमोर आणा. कीस्टोनसाठी प्रत्येक चित्र नव्यानं ताणावं लागतं, तो वेळ वाचतो. ब्लूटूथ स्पीकर तर लावूच नका, तिथं आवाजालाही उशीर होतो आणि मग चूक नेमकी कुणाची हेही कळत नाही.

पैसे खर्चायची तयारी असेल तर या त्रासावर औषध आहे. अमेरिकेतल्या माइक ची यांनी बनवलेला रेट्रोटिंक-२एक्स हा डबा सऱ्यांचा हा प्रकार ओळखतो, थांबत नाही, आलेली ओळ लगेच दुप्पट करून पुढं ढकलतो. ५० ला ५० च ठेवतो. प्रोजेक्टरनं एचडीएमआयवर ५७६ ओळी आणि ५० चा वेग स्वीकारायला हवा, एवढीच अट. पण त्याची किंमत काही हजारांत जाते आणि परदेशातून मागवावा लागतो. वर्षातून दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस भाचरांबरोबर खेळणाऱ्यानं एवढा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गेम मोड आणि सरळ टेबल यावर भागवावं.

बंदुकीवर मात्र कुठलंच औषध नाही. बदकं मारायचा डक हंट आठवा. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, पुढच्या चित्रात फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. दोन बदकं असतील तर एकामागून एक दोन चौकोन. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा असतो, ती गोळी वगैरे काही सोडत नाही. काळ्या चित्रात उजेड दिसता कामा नये आणि पांढऱ्या चौकोनाच्या त्या एका चित्रात दिसलाच पाहिजे, तरच बदक पडतं. पहिली अट बल्बकडं नेम धरणाऱ्या हुशार पोरांसाठी होती. प्रोजेक्टरवर तो चौकोन दोन-चार चित्रं उशिरा येतो, तोवर गेमनं निकाल देऊन टाकलेला असतो. आणि उशीर शून्य केला तरी मूळ बंदुकीला पिक्चर ट्यूबवर ओळीमागून ओळ सरकणाऱ्या उजेडाची थरथर लागते. सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त ओळी, त्या तालाचाच उजेड ती मानते. प्रोजेक्टरचा उजेड तसा नसतो. म्हणून कितीही महाग डबा आणला तरी डक हंटमधला कुत्रा तुम्हाला हसतच राहणार.

एक इशारा अ‍ॅडाप्टरचा. जुने जड अ‍ॅडाप्टर वर्षानुवर्षं पडून राहिले की आतला कपॅसिटर सुकतो आणि चित्रात आडवे पट्टे सरकू लागतात. डबा टीव्हीवर हे फिकट दिसायचे, भिंतीवर शंभर इंची दिसतात. नवा अ‍ॅडाप्टर घेताना गेमच्या पाठीवर व्होल्ट किती आणि मधली पिन धन की ऋण, हे पाहूनच घ्या. उलटा लावला तर गेम जळू शकतो. सांगलीकरांसाठी वेगळं सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भिजलेला गेम वाळल्यावर चालू शकतो, बोर्डावरचा गाळ ब्रशनं आणि स्पिरिटनं साफ केला तर. पण त्या पाण्यात बुडालेला अ‍ॅडाप्टर कितीही कोरडा दिसला तरी २३० व्होल्टला लावू नका, सरळ टाकून द्या.

थोडक्यात मारिओ, काँट्रा, सर्कस हे भिंतीवर खेळा, मजा येते. चुलत-मावस भावंडं एका खोलीत जमली की मोठ्या चित्राला तोड नाही. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूतला सिनेमा पाहिलेल्या पिढीला हे वेगळं पटवून द्यायची गरज नाही. बंदुकीसाठी मात्र डबा टीव्हीच लागतो. तो तुमच्याकडं किंवा शेजाऱ्यांकडं अजून असेल तर भंगारवाल्याला किलोच्या भावानं देऊ नका.

पुढच्या भागात तोच डबा टीव्ही दुरुस्तीला घेऊ. तोवर त्याचं मागचं झाकण उघडू नका; वायर काढून ठेवलेली असली तरी पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.