४८३५ किलोहर्ट्झ, ॲलिस स्प्रिंग्ज

आम्हा शॉर्टवेव्हच्या नादिष्टांत लंडन किंवा मॉस्को लागलं याचं कुणाला कौतुक नसे. ती केंद्रं जगाला ऐकवण्यासाठीच बोलत होती. चुरस असायची ती आपल्याशी काही देणंघेणं नसलेलं केंद्र पकडण्याची. माझ्या वहीतली अशी सगळ्यात लाडकी नोंद ॲलिस स्प्रिंग्जची.

हे गाव ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतलं. हा प्रांत महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आणि वस्ती जेमतेम अडीच लाख. त्यातही निम्म्याहून अधिक माणसं एकट्या डार्विन परिसरात. बाकीची गुरांच्या अफाट कुरणांवर, खाणींवर, आदिवासींच्या पाड्यांवर पांगलेली. त्यांच्यासाठी एफएमचे मनोरे उभारायचे तर किती आणि कुठे कुठे? म्हणून एबीसी या सरकारी प्रसारण संस्थेनं १९८६ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज, टेनंट क्रीक आणि कॅथरीन इथे ५० किलोवॅटचे शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर सुरू केले.

खरी गंमत त्यांच्या अँटेनाची. लांबच्या श्रोत्यासाठी लहरी क्षितिजाकडे तिरप्या सोडतात. इथे त्या थेट डोक्यावर सोडल्या जात. आयनांबराला धडकून त्या शॉवरच्या पाण्यासारख्या आसपासच्या शेकडो किलोमीटरांवर पडायच्या. मधे डोंगर आला तरी बिघडत नसे. ॲलिस स्प्रिंग्ज दिवसा ४८३५ किलोहर्ट्झवर असे आणि रात्री २३१० वर. दिवसा २३१० सारखी खालची लहर आयनांबराचा तळचा थर गिळून टाकतो. रात्री तो थर विरतो, पण वरचाही क्षीण होतो. सरळ वर गेलेली ४८३५ त्याला भेदून अवकाशात निघून जाण्याची भीती. म्हणून अंधार पडला की खाली उतरायचं.

यातून तिरपं निसटलेलं थोडंफार आमच्या वाट्याला येई. २३१० चा पट्टा बाजारातल्या बहुतेक सेटवर नसायचाच. ४८३५ ला आडवं यायचं आपलंच घरचं माणूस: आकाशवाणी मुंबई, ४८४० वर. मुंबई सुरू असताना शेजारी दुसरं काही ऐकायचं नावच काढू नये. म्हणून पहाटे, मुंबई जागी व्हायच्या आत सेटला कान लावायचा. खरखरीतून कुठला तरी रस्ता पाण्याखाली गेल्याची बातमी यायची, नाहीतर हवामान. आम्हाला त्याचा उपयोग शून्य, तरी अंगावर शहारा यायचा!

त्या मुलखात मात्र त्याच बातमीवर ट्रक काढायचा की नाही ते ठरे. डिसेंबर २०१६ मध्ये एबीसीनं जाहीर केलं की तंत्रज्ञान कालबाह्य झालंय, बंद केल्यानं सुमारे १९ लाख डॉलर वाचतील, लोकांनी उपग्रहावरून ऐकावं. ३१ जानेवारी २०१७ ला तिन्ही ट्रान्समीटर बंद झाले. हिशेब मला तेव्हाही पटला नाही. उपग्रहाची डिश घराच्या छपरावर ठीक. गुरांमागे फिरणाऱ्या गाडीनं किंवा मासेमारीच्या होडीनं ती कुठे रोखून धरायची? पशुपालकांच्या संघटनेनं हेच विचारलं. सिनेटर निक झेनोफॉन यांनी शॉर्टवेव्ह पुन्हा सुरू करायला लावणारं विधेयक त्याच वर्षी मांडलं. ते मंजूर झालं नाही.