बोट जाड की बटण बारीक?
परवा आई मोबाइलवर वीजबिल भरत होती. ‘पैसे भरा’ आणि ‘रद्द करा’ ही दोन्ही बटणं तिळाएवढी, तीही एकमेकांना खेटून. तिसऱ्यांदा रद्द झालं तेव्हा म्हणाली, “माझंच मेलं बोट जाड!”

बोटाचा काय दोष? लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथं नेमकं पोचायला वेळ जास्त, हे पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४मध्येच दाखवलं. घाई केली की नेम चुकणारच. संगणकाचा माउस तेव्हा जन्मायचा होता; प्रयोगातली माणसं लेखणीसारख्या कांडीने धातूच्या पट्ट्यांवर टकटक करत होती.

वेबसाइट-सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष आता सांगतात, बटण निदान २४ बाय २४ पिक्सेलचं हवं, नाहीतर भोवती मोकळी जागा तरी सोडा. मला हेही कंजूषच वाटतं.

आईने शेवटी करंगळीने बिल भरलं.