बायबल आणि बाटली (लेखांक 5) : कोर्टातले मिशनरी

मागच्या लेखांकात आपण प्रेस्टनला होतो. तिथे 1832 साली जोसेफ लिव्हसी या चीजच्या व्यापाऱ्यासह सात जणांनी दारूच्या थेंबालाही न शिवण्याची शपथ घेतली, आणि पुढची कित्येक वर्षे इंग्लंडमधल्या मद्यपानविरोधी चळवळीने आपले यश सह्यांच्या आकड्यांत मोजले. आजही तिला बहुधा त्याच मापाने जोखले जाते आणि नापास केले जाते, कारण शपथ घेणारे पुष्कळ आणि पाळणारे थोडे. मला हे मापच चुकीचे वाटते. या चळवळीतून शहरातल्या गरिबांच्या पदरात जे खरोखर पडले, त्याचा उगम शपथ मोडलेल्या माणसाचे पुढे काय करायचे, या अडचणीत आहे.

ही अडचण लंडनच्या पोलीस कोर्टात रोज सकाळी उभी राही. रात्री रस्त्यात पडलेला माणूस मॅजिस्ट्रेटपुढे येई, दंड होई, आणि दंडाचे पैसे नसले की तुरुंग ठरलेला. सुटून येईपर्यंत काम गेलेले, घरभाडे थकलेले; मग पुन्हा गुत्ता आणि पुन्हा तेच कोर्ट. 1876 साली फ्रेडरिक रेनर या मुद्रकाने चर्च ऑफ इंग्लंड टेंपरन्स सोसायटीला पत्र लिहून या फेऱ्याकडे लक्ष वेधले आणि सोबत पाच शिलिंग धाडले. सोसायटीने जॉर्ज नेल्सन या माजी सैनिकाला साउथवर्कच्या कोर्टात मिशनरी म्हणून नेमले. काम धर्मप्रचाराचेच होते: आरोपीशी बोलायचे, त्याच्याकडून शपथ घ्यायची. पण मॅजिस्ट्रेटांना या मिशनऱ्यांचा वेगळाच उपयोग दिसला. या माणसाला घर आहे का, मुले कोणाच्या आधाराने जगतात, मालक त्याला पुन्हा कामावर घेईल का, हे कोर्टाला कोणी सांगत नव्हते. मिशनरी घरी जाऊन चौकशी करू लागले, आणि त्यांच्या भरवशावर आरोपींना सोडून देण्याचा प्रघात पडत गेला. 1907 च्या कायद्याने त्याला प्रोबेशन हे रूप दिले. आरोपीला सल्ला द्यावा, मदत करावी, त्याचा मित्र व्हावे, अशी प्रोबेशन अधिकाऱ्याची कर्तव्ये कायद्यातच लिहिली गेली. आणि नव्या पदांवर आले ते बरेचसे हेच मिशनरी.

यावर पहिला आक्षेप असा, की गरिबी मजुरीच्या प्रश्नातून येत होती आणि ही भली माणसे तिचे खापर बाटलीवर फोडत होती. आक्षेप रास्त आहे. चार्ल्स बूथने लंडनच्या पाहणीत गरिबीची कारणे मांडली, तेव्हा अनियमित काम आणि तुटपुंजी कमाई यांचा वाटा दारूपेक्षा कितीतरी मोठा निघाला. पण घरोघर जाणाऱ्या मिशनऱ्याला हे कळायला तक्त्यांची गरज नव्हती. थॉमस होम्स हा मूळचा लोखंडाच्या ओतकामातला कामगार 1885 मध्ये या कामात आला. जेन केकब्रेड ही दारूपायी अडीचशेहून जास्त वेळा शिक्षा झालेली बाई. तिला त्याने स्वतःच्या घरीही ठेवून पाहिले. अखेर तिला वेड्यांच्या इस्पितळात न्यावे लागले. तोवर प्रत्येक कोर्टाने तिला दारुडी म्हणूनच शिक्षा केली होती! पुढे होम्सचे लक्ष वळले ते घरी बसून कवडीमोलाने शिवणकाम करणाऱ्या बायकांकडे, आणि त्यांच्यासाठी त्याने संस्था काढली. शिकवण पापाची होती, पण रोजच्या कामाने तिला आजाराकडे आणि मजुरीकडे बघायला लावले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ही माणसे मदतीला ‘लायक’ गरीब निवडत, आणि पश्चात्ताप दाखवणाऱ्याला झुकते माप मिळे. हे नाकारता येत नाही; मिशनऱ्याच्या एका शब्दावर कोणाचा तुरुंग टळणार हे ठरत असेल, तर ती सत्ताच झाली. मात्र त्यावरून ही पद्धत राज्यकर्त्यांनी गरिबांना मुठीत ठेवण्यासाठी रचली, असे म्हणणे घटनाक्रमाला धरून नाही. बॉस्टनमध्ये 1841 साली जॉन ऑगस्टस या जोडे बनवणाऱ्या कारागिराने, तोही मद्यपानविरोधी संघटनेचाच, एका दारुड्याचा जामीन भरला आणि पुढे जवळपास 2,000 जणांचा. त्याला कोणी नेमले नव्हते, आणि मॅसॅच्युसेट्सचा प्रोबेशनचा कायदा आला 1878 मध्ये. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर सरकार मागाहून आले.

भारतात हा धागा 1958 च्या प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्टमध्ये सापडतो. कलम 14 प्रोबेशन अधिकाऱ्याची कामे सांगते, आणि त्यातले पहिलेच आहे आरोपीची परिस्थिती आणि घरचे वातावरण यांची चौकशी. कलम 4 मध्ये सुटकेच्या अटी आहेत. राहण्याच्या जागेच्या अटीला लागूनच तिथे मादक पदार्थांपासून दूर राहण्याची अट येते.