विश्लेषण : बस चालवणाऱ्यांची गोष्ट संग्रहालयात… पण आजोबा तिथे पोहोचणार कसे?

अकलूजला पाहुणे आले की मुलांना घेऊन किल्ल्यातील शिवसृष्टी पाहायला जाणे ठरलेले. त्याच पाहुण्यांना गावापर्यंत आणणाऱ्या एसटीच्या चालक-वाहकांची गोष्ट मुलांना कुठे दाखवणार? लंडनने बस कामगारांसाठी असा प्रयत्न केला आहे.

लंडनमध्ये काय झाले?
दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या बस आणि रेल्वेला माणसे कमी पडू लागली. त्यामुळे १९५६ मध्ये थेट कॅरिबियन बेटांवरील बार्बाडोसमध्ये भरती सुरू झाली. प्रवासखर्चासाठी तिथल्या सरकारने कर्ज दिले, ते पगारातून फेडायचे होते. २०२३ मध्ये लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमने याच कामगारांवर प्रदर्शन भरवले. त्यात कामगारांच्या आठवणींनाही जागा मिळाली.

याचा भारताशी काय संबंध?
ब्रिस्टल शहरातील बस कंपनी कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांना चालक-वाहक म्हणून घेत नव्हती. १९६३ मध्ये तिथे बसवर बहिष्कार टाकण्यात आला आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. त्यानंतर नेमलेले पहिले बिगर-गोरे वाहक होते रघबीर सिंग, एक भारतीय शीख.

आपल्याकडे काय आहे?
मुंबईत बेस्टचे संग्रहालय आणिक आगारात आहे. १८७४ च्या घोड्यांच्या ट्रामपासूनचा प्रवास तिथे समजतो. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. तिचे वाहक होते लक्ष्मण केवटे. पहिल्या वाहकाचे नाव नोंदले गेले. नंतरच्या हजारोंची नोंद बहुतेक घरच्यांच्याच आठवणीत आहे.

‘सुगम’ म्हणजे फक्त रॅम्प का?
नाही. आयुष्यभर गाडीत उभे राहून तिकिटे फाडलेल्या माणसाचे गुडघे आज जिना चढू देत नाहीत. ज्याचा सन्मान करायचा, तोच दारात अडकला तर उपयोग काय? लिफ्ट, व्हीलचेअर, मध्ये मध्ये बसायला बाक, वापरता येईल असे स्वच्छतागृह आणि मोठ्या अक्षरांतील मराठी माहिती, एवढे तरी हवे. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांसाठी कमी गर्दीची वेळही हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सार्वजनिक इमारती सुगम करणे बंधनकारक आहे. तरीही कुठलेही संग्रहालय पाहायला निघण्यापूर्वी फोन करून या गोष्टी विचारून घ्या.

तोपर्यंत काय करता येईल?
घरात कुणी एसटीतून निवृत्त झाले असेल तर बिल्ला, तिकिटांचा पंच, जुने फोटो जपून ठेवा. आषाढी वारीतल्या जादा गाड्यांवरची ड्युटी कशी असायची, हे नातवंडांनी विचारावे आणि मोबाइलवर रेकॉर्ड करावे. उद्या एसटीचे संग्रहालय झाले, तर तिथे ठेवायला गाड्या मिळतील. माणसांच्या गोष्टी मात्र आजच गोळा कराव्या लागतील.