आरतीच्या फोटोत दाणे का येतात?

गणपतीत घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. आरतीचा फोटो हलला, नाहीतर दाणेदार आला. मग कुणीतरी फ्लॅश मारतो आणि निरांजनाचा सोनेरी उजेड फोटोतून गायबच होतो.

दिवाणखान्यात रात्री शे-दोनशे लक्स उजेड असतो. भर दुपारच्या उन्हात तोच लाखाच्या घरात जातो. डोळे जुळवून घेतात, त्यामुळे ही तफावत जाणवत नाही. कॅमेऱ्याची मात्र पंचाईत होते. आयएसओ वाढवला की सेन्सर जास्त प्रकाश टिपतो, असं अनेकांना वाटतं. तसं काही होत नाही. प्रकाश आहे तेवढाच राहतो, त्यापासून मिळालेला संकेत फक्त मोठा केला जातो.

दाण्यांचं मूळ बऱ्याच अंशी प्रकाशातच आहे. अंगणातल्या फरश्यांवर पावसाचे थेंब जसे कमी-जास्त पडतात, तसे पिक्सेलांवर फोटॉन पडतात. सरासरी १०,००० फोटॉन आले तर चढउतार १०० चा, म्हणजे एक टक्का. १०० च आले तर १० चा, म्हणजे थेट दहा टक्के! म्हणून आयएसओला दोष देण्याआधी भिंगाचं छिद्र मोठं करावं. एफ/५.६ ऐवजी एफ/१.८ ठेवलं की जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो.

फ्लॅश प्रकाशाची भर घालतो आणि त्याचा लखलखाट अतिशय क्षणिक असल्याने हालचालही गोठवतो. पण अंतर दुप्पट झालं की त्याचा उजेड चौथ्या हिश्शावर येतो. दोन मीटरवरची मावशी पांढरीफटक दिसते आणि सहा मीटरवरच्या काकांना तिच्या नवव्या हिश्शाइतकाच उजेड मिळतो. फ्लॅशचं डोकं पांढऱ्या छताकडे वळवलं की हा फरक बराच कमी होतो. छत हिरवं असेल तर मात्र चेहरेही हिरवट येतील. मोबाइलमधला एलईडी दिवा या कामाला फारच अपुरा. त्यापेक्षा नाइट मोड बरा: १६ चित्रं एकत्र केली की दाणे चौथ्या हिश्शावर येतात, अर्थात माणसं स्थिर उभी असतील तर.

माझं मत विचाराल तर आरतीला फ्लॅश बंदच ठेवा, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ खुशाल ३२०० वर न्या. सगळ्या कुटुंबाच्या ग्रुप फोटोला छतावरून फ्लॅश वापरा. दाणे नंतर सॉफ्टवेअरने बरेच कमी करता येतात, हललेला चेहरा सहसा सुधारत नाही.