पांढरे पट्टे आणि आपली पत

व्यापारी संघाच्या स्मरणिकेत भाव, आवक, कर आणि वखारी यांविषयी लेख यावयाचे. तेथे आम्ही रस्त्यावरील पांढऱ्या पट्ट्यांविषयी लिहावयास बसलो आहोत, हे पाहून काही बंधूंस नवल वाटेल. परंतु आपला सारा व्यापार रस्त्याच्याच आधारावर चालतो. माल रस्त्याने येतो, गिऱ्हाईक रस्त्याने येते, हमाल पाठीवर पोते घेऊन रस्ताच ओलांडतो, आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण साधण्यासाठी आपण लगबगीने घरी निघतो तेही रस्त्यानेच. असे असूनही पायी चालणाऱ्याने रस्ता कोठे व कसा ओलांडावा आणि वाहन चालविणाऱ्याने त्या वेळी काय करावे, याचे नियम आपणांपैकी फार थोड्यांस नीट ठाऊक असतात. आम्हांसही ते साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. ते कसे समजले, हे पुढे येईलच.

पायी चालणाऱ्यांसाठी रस्त्यावर काही सोय असावी, हा विचार मोटारींहूनही जुना आहे. लंडनमध्ये पार्लमेंट भवनाबाहेर १८६८ साली घोडागाड्यांची वाहतूक थोपवून लोकांस रस्ता ओलांडता यावा म्हणून एक खांब उभारण्यात आला. त्यास दिवसा आगगाडीच्या सिग्नलाप्रमाणे हात होते व रात्री वायूचे दिवे लागत. पुढल्याच वर्षी, १८६९ च्या जानेवारीत, वायूचा स्फोट होऊन तेथील पोलीस जखमी झाला आणि तो प्रयोग तेवढ्यावरच थांबला. पुढे मोटारी वाढल्यावर १९३४ साली ब्रिटनमध्ये ओलांडण्याच्या जागेच्या दोन्ही टोकांस काळ्यापांढऱ्या रंगाचे खांब व त्यांवर नारिंगी गोल बसविण्यात आले. रस्त्यावर मात्र धातूचे खिळे तेवढे ठोकलेले असत. पायी चालणाऱ्यास ते दिसत, पण वेगाने येणाऱ्या वाहनचालकाच्या नजरेस ते पडत नसत. म्हणून निरनिराळ्या रंगांचे पट्टे आखून प्रयोग झाले आणि अखेरीस १९५१ साली काळ्या रस्त्यावरील ठळक पांढरे पट्टे कायद्याने मान्य झाले. त्यांच्या रूपावरून त्यांस झेब्रा क्रॉसिंग हे नाव पडले. पट्टे आखावयाचे ते शोभेसाठी नव्हेत. दुरून येणाऱ्या चालकास ‘येथे माणसे ओलांडतात’ हे वेळेवर कळावे, एवढाच त्यांचा हेतू होय.

आपल्याकडे हे पट्टे साधारणतः अर्धा मीटर रुंदीचे असतात व त्यांच्यामध्ये तेवढीच जागा सोडलेली असते. पट्ट्यांच्या अलीकडे रस्त्याला आडवी एक पांढरी रेघ असते, तिला थांबरेषा म्हणतात. वाहनाने थांबावयाचे ते या रेघेच्या अलीकडे, पट्ट्यांवर नव्हे. आपल्या गावात सिग्नल लाल होताच निम्मी वाहने पट्ट्यांवर येऊन उभी राहतात आणि पायी चालणारे त्यांच्या चाकांमधून वाट काढतात, हे दृश्य आपण रोज पाहतो. ती जागा वाहनांची नाहीच, हे मात्र आपल्या ध्यानी येत नाही.

ओलांडण्याच्या जागा दोन प्रकारच्या असतात. आपणां व्यापाऱ्यांस त्यांतील भेद हुंडीच्या उदाहरणाने चटकन कळेल. जेथे सिग्नल नाही व पोलीसही नाही, केवळ पट्टे आहेत, तेथील पादचाऱ्याचा हक्क दर्शनी हुंडीसारखा आहे. हुंडी पुढे येताच ती सकारावयाची, तसे माणूस पट्ट्यांवर येताच वाहनाने वेग कमी करून थांबावयाचे व त्यास आधी जाऊ द्यावयाचे. मोटार वाहन कायद्याखालील २०१७ च्या वाहनचालनविषयक नियमांत हे स्पष्ट सांगितले आहे, आणि चाकांच्या खुर्चीतून जाणाऱ्या अपंग व्यक्तींसही तोच हक्क दिला आहे. पुढे वाहतूक तुंबली असेल, तर आपले वाहन पट्ट्यांवर अडकून पडेल अशा बेताने पुढे घालू नये, हेही त्यांतच आहे.

जेथे सिग्नल आहे तेथील हक्क मुदतीच्या हुंडीसारखा. मुदत भरेपर्यंत थांबावयाचे. हिरवा मनुष्य दिसला की निघावे. तो लुकलुकू लागला की नव्याने पाऊल टाकू नये, मात्र जो आधीच निघाला आहे त्याने न घाबरता पलीकडे पोहोचावे. लाल मनुष्य दिसताच काठावर उभे राहावे. हिरव्या खुणेवर निघालेला वृद्ध अर्ध्या वाटेत असताना खूण बदलली, तरी त्याचा हक्क बुडत नाही. वाहनाने त्यास पार होऊ दिलेच पाहिजे. येथे थोडा हिशेबही पाहावा. सिग्नलाची वेळ ठरविताना माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो, असे सामान्यतः धरतात. बारा मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास त्यास दहा सेकंद पुरतात. परंतु गुडघेदुखीचा म्हातारा सेकंदाला ०.८ मीटरच चालत असेल, तर त्यास पंधरा लागतात. मधल्या पाच सेकंदांसाठी त्याचे प्राण चालकाच्या धीरावर अवलंबून असतात.

हक्क आहे म्हणून डोळे मिटून चालावे, असे मात्र नव्हे. आपल्या देशात वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणून काठावर क्षणभर थांबून प्रथम उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहावे. चालकाने आपणांस पाहिले आहे व वेग कमी केला आहे, याची खात्री करून निघावे. तिरपे न जाता सरळ जावे, धावू नये, आणि हातातील मोबाइल खिशात ठेवावा.

याचे कारण असे की, वाहन मनात येताच थांबत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. चालकाने माणूस पाहून पाय ब्रेकवर नेईपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे १४ मीटर तेथेच संपले. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी उभी राहण्यास आणखी साधारण तेवढेच अंतर लागते. एकूण २८ मीटर झाले. तीच मोटार ताशी ३० च्या वेगाने असेल, तर सुमारे १३ मीटरांत थांबते. पावसाळ्यात व भरलेल्या ट्रकच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते. म्हणून पट्टे दिसताच वेग कमी करणे, हीच खरी सावधगिरी होय. माणूस दिसल्यावर ब्रेक दाबणे पुष्कळदा उशिराचे ठरते.

आणि माणूस दिसलाच नाही तर? येथे आम्हांस आमचीच चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका दुपारी ज्वारीचा ट्रक आमच्या दुकानासमोर आला. जागा नव्हती. गाडी कोठे लावू, असे ड्रायव्हरने विचारताच आम्ही गादीवरूनच म्हणालो, “दहा मिनिटांचे काम आहे, पट्ट्यांवरच लावा.” पोती उतरू लागली. आमच्याकडे वर्षानुवर्षे धान्य निवडणारी एक बाई रोजच्या सवयीने त्याच पट्ट्यांवरून पलीकडे निघाली. ट्रकच्या तोंडापाशी ती आडोशातून बाहेर पडली आणि मोटारसायकल येऊन तिच्यावर आदळली. मोटारसायकलवाला वेगात नव्हता. त्यास ती दिसली नाही. तिला तो दिसला नाही. दोघांच्या मध्ये आमचा ट्रक होता. बाईचा खुबा मोडला. दवाखान्याचा खर्च आम्ही केला, पण तिला आता जमिनीवर बसून सूप हाती घेता येत नाही. आम्हांस कोणी दोष दिला नाही, कोणी दंडही केला नाही. परंतु ती दहा मिनिटे कोणाच्या नावे मांडावयाची, हे आम्हांस ठाऊक आहे.

पट्ट्यांवर किंवा त्यांच्याजवळ वाहन उभे करण्यास मनाई आहे, ती याच कारणासाठी. उभे वाहन केवळ जागा अडवीत नाही. ते नजर अडविते. तसेच पट्ट्यांपाशी पुढचे वाहन थांबले असेल, तर त्यास ओलांडून पुढे जाणे अत्यंत घातक. ते बहुधा कोणासाठी तरी थांबलेले असते.

केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे दररोज सुमारे नव्वद. कायदा याबाबत कडक झाला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणे अगर चालविताना हातात मोबाइल धरणे हे धोकादायक चालविण्यात मोडते. पहिल्या गुन्ह्यास एक हजार ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. त्याच दुरुस्तीने, अपघातात सापडलेल्यास सद्भावनेने मदत करणाऱ्यासही संरक्षण दिले आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी मागे राहू नये. सर्वोच्च न्यायालयाने तर २०२५ साली, योग्य पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे. मग आपल्या दुकानाचे फलक, बारदानाचे गठ्ठे व वजनकाटे पदपथावर मांडून पायी चालणाऱ्यास रस्त्यात उतरावयास लावणारे आपण कोण?

म्हणून आमची बंधूंस विनंती आहे. आपापल्या दुकानासमोरील पट्टे मोकळे राहतील, हे प्रत्येकाने पाहावे. गर्दीच्या वेळा टाळून माल उतरवावा. पट्टे पुसले गेले असतील, तर संघाच्या वतीने नगरपालिकेस अर्ज द्यावा. आपल्या ड्रायव्हरांस व दुकानातील मुलांस हे नियम एकदा बसवून सांगावेत.

आपल्या साधु-साध्वींचा विहार अनवाणी पायांनी याच रस्त्यांवरून होतो. ते ईर्यासमितीचे पालन करीत चार हात पुढची जमीन न्याहाळीत चालतात, एखादी मुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून. तत्त्वार्थसूत्राने हिंसेचे मूळ प्रमादात सांगितले आहे, आणि प्रमाद म्हणजे बेसावधपणा. गादीवर बसून ‘येथेच लावा’ म्हणणे हाही प्रमादच, हे आम्ही फार उशिरा शिकलो. हुंडी न सकारणाऱ्याची पत बाजारातून जाते. रस्त्यावरचे हे पांढरे पट्टेही गावाने दिलेला शब्दच आहेत. तो सकारणे आपल्या हाती आहे.

जय जिनेंद्र.