पत्र लिहिणारा दिसतो, पाठवणारा?

ऑक्टोबर १९४३मध्ये जपाननं कॉलेजच्या मुलांना सैन्यभरतीतून असलेली सूट काढून घेतली. साहित्य, कायदा शिकणारी पोरं थेट बराकीत. (सायन्सवाले बहुतेक वाचले.) वर्षभरानं फिलिपिन्समध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल ताकिजिरो ओनिशी यांनी ‘कामिकाझे’ तुकडी उभी केली. बॉम्ब लावलेलं विमान घेऊन शत्रूच्या जहाजावर आदळायचं. परत यायचा प्रश्नच नाही. असे सुमारे ३८०० वैमानिक गेले. पुष्कळसे तुमच्याच वयाचे.

कागदोपत्री सगळे स्वेच्छेनं. पण सोबती शेजारी उभे, वरिष्ठ समोर. ‘मी नाही जाणार’ म्हणणार कोण?

क्यूशू बेटावरच्या चिरानमध्ये त्यांचं संग्रहालय आहे. ओकिनावाच्या लढाईत असे गेलेल्या १०३६ वैमानिकांचे फोटो, आईला लिहिलेली शेवटची पत्रं. वाचताना डोळे भरून येणारच की! पण ही पत्रं आधी सेन्सॉर व्हायची. मनातलं लिहायचं तर चोरवाट शोधावी लागे. गावात खाणावळ चालवणाऱ्या तोमे तोरिहामा मुलांची काही पत्रं गुपचूप पोस्टात टाकायच्या. तोक्योच्या यासुकुनी मंदिराच्या संग्रहालयात मात्र हीच मुलं वीर म्हणून उभी आहेत. वीर म्हणा नाहीतर बिचारे म्हणा, मला खटकतं ते वेगळंच. आपली नजर त्या कोवळ्या चेहऱ्यांवर खिळते आणि हुकूम देणारा अलगद सुटतो.

ओनिशींनी शरणागतीनंतर लगेच, १६ ऑगस्ट १९४५ला, आत्महत्या केली. चिठ्ठीत वैमानिकांची नि त्यांच्या घरच्यांची माफी मागितली. चिरानहून मुलांना धाडणाऱ्या सहाव्या हवाई सेनेचे प्रमुख मिचिओ सुगावारा १९८३पर्यंत जगले.